शेगुलामावशींचा शनिवार

सिडनीच्या टूनगॅबीतल्या त्या ड्राइव्हवेवर सहा व्हिला, आणि त्यातल्या चार घरांत आपलीच माणसं. तरी तीन नंबरातली, कार्डिगन घालून रोज कुंड्यांना पाणी घालणारी म्हातारी मराठी आहे याचा सुचित्रा भिंगारदिवेला दोन वर्षं पत्ता नव्हता. तिला ती मॉरिशसची वगैरे वाटायची. मग एका सकाळी तिने आपल्या लेकीला, स्पृहाला, अनवाणी बाहेर पळाली म्हणून मराठीत झापलं, तर कुंड्यांमागून आवाज आला, "बरोबर केलंस. रागवायचं तर मराठीतच रागवावं. इंग्रजीत पोरांना लागत नाही."

या शेगुलाबाई अष्टमकर. मूळच्या रेवदंड्याच्या, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता मुलगा इस्राएलमध्ये, आणि इथल्या बिस्किटांच्या फॅक्टरीत बावीस वर्षं उभ्याने काम करून दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू.

सुचित्रा नगरकडची ख्रिस्ती, प्रचारकाची मुलगी. इस्राएल लोकांबद्दल ती लहानपणापासून दर रविवारी ऐकत आलेली. समुद्र दुभंगला त्यातून चालत गेले ते, चाळीस वर्षं रानात भटकले ते. त्या लोकांपैकी एक बाई आपल्या शेजारी राहते, 'काय गो' म्हणते आणि बोंबील तळते, हे पचायला तिला चांगला आठवडा लागला. तिने नगरला फोन करून पप्पांना सांगितलं तर त्यांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "खरे इस्राएली? नीट वाग त्यांच्याशी."

आता नीट वागायचं म्हणजे आपल्याकडे काय, तर खाऊ घालायचं. पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा ईस्टर आला. चर्च बंद, प्रार्थना कॉम्प्युटरवर. सुचित्राने सणाचं म्हणून चिकन रात्रभर दह्यात मुरवलं, साजूक तुपाची फोडणी दिली, वर साय घातली आणि डबा मावशींच्या दाराशी ठेवून बेल वाजवली. मावशींनी दार उघडलं, झाकण काढून वास घेतला, आणि सुचित्रापासून दीड मीटर लांब राहूनच डबा हळूच पुन्हा पायरीवर ठेवला.

मग तिची शाळा झाली. मोशेच्या नियमशास्त्रात दूध आणि मांस एकत्र चालत नाही. म्हणून तर त्यांच्या कालवणात दह्याच्या जागी नारळाचं दूध असतं. शिवाय चिकनसुद्धा त्यांच्या पद्धतीनं कापलेलंच लागतं आणि ते टूनगॅबीत मिळत नाही. सुचित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गप्प बसली तर ती प्रचारकाची मुलगी कसली. ती म्हणाली की येशूने तर सांगितलंय, तोंडात जातं त्याने माणूस विटाळत नाही.

"म्हणाला असेल," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण दह्यातलं चिकन त्याच्या आईनेही रांधलं नसतं."

सुचित्राने हे पप्पांना फोनवर सांगितलं. पप्पा तर खूश होऊन हसत सुटले. दुसऱ्या दिवशी मावशींनी तिच्या हातात निळ्या काठाचं एक पातेलं दिलं. हे फक्त माझं, म्हणाल्या, यात मांसमच्छी शिजवायची नाही, आणि मग घाल मला काय घालायचं ते. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी त्या पातेल्यात भरलेली वांगी, डाळ-मेथी, कधी मटकीची उसळ तीन नंबरच्या दाराशी पिशवीत जाऊ लागली. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन काचेच्या पेल्यांत खोबरेल घालून वाती लावायच्या आणि शब्बाथ बसायचा. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत चूल नाही, विजेचं बटण नाही, फोन नाही. बाहेरचं ओझं उचलून घरात आणणंसुद्धा नाही. सुचित्राने हे सगळं नीट लक्षात ठेवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि तिचं तर दह्यानेच पोळलं होतं.

पप्पांची आणि मावशींची एकदा व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. इस्राएली बाईशी बोलायचं म्हणून पप्पा आत जाऊन कोट घालून आले, नगरच्या उन्हाळ्यात. पप्पांचं आयुष्य शेवगाव तालुक्यात सायकलवरून प्रचार करण्यात गेलेलं, आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रवचन शनिवारचंच. वाळलेल्या हाताच्या माणसाला येशूने शब्बाथच्या दिवशी बरं केलं ती गोष्ट. ती सांगून झाली की ते सायकलच्या सीटवर थाप मारून म्हणायचे, "वार माणसासाठी हाय, माणूस वारासाठी न्हाय!" आणि वर निकाल द्यायचे की बघा मंडळी, येशूने मोशेचं शास्त्र तिथंच गुंडाळून ठेवलं. त्या दिवशी मात्र कॉल सगळा बोंबील, सोलकढी आणि नारळाच्या दुधातच संपला. शेवटी पप्पा म्हणाले, शनिवारचं पुढच्या वेळी बोलू, मला बाईंना काहीतरी विचारायचंय.

पुढची वेळ आली नाही. एकवीसच्या एप्रिलमध्ये नगरला ऑक्सिजन मिळेना, आणि पप्पा तीन दिवसांत गेले. विमानं बंद. सुचित्राने आपल्या वडिलांची माती फोनवर बघितली, तीही अर्धीच, कारण भाऊ एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने माती लोटत होता आणि पडद्यावर आभाळच दिसत होतं. तिचा नवरा हेमचंद्र तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

त्या संध्याकाळी मावशी काठी टेकत आल्या. हातात ताट, ताटात उकडलेली अंडी आणि अख्खे मसूर. सुतकातल्या माणसाने पहिलं जेवण स्वतःच्या घरचं खायचं नाही, शेजाऱ्याने आणायचं, असा त्यांच्यात नियम. नगरकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी भावकीतून येते. टूनगॅबीत भावकी कुठून आणायची? ती ही अशी तीन नंबरातून चालत आली. मावशी म्हणाल्या, मसुराला तोंड नसतं गो, दुःख झालेल्या माणसालाही नसतं, तू बोलू नकोस, खा. आणि सात दिवस रोज येऊन तासभर नुसत्या बसून गेल्या. सुचित्राने नंतर अनेकांना सांगितलं की ते सात दिवस नसते तर ती वेडी झाली असती, आणि ते खरंच होतं.

म्हणून पुढे जे झालं ते तिच्या जिवाला इतकं लागलं.

जूनअखेर सिडनी पुन्हा बंद झाली आणि या वेळी आपला पश्चिमेकडचा भाग सगळ्यात कडक. बाहेर पोलीस, वर हेलिकॉप्टर. सुचित्रा एका नर्सिंग होममध्ये कामाला. दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची आणि मगच शिफ्टला जायचं. आपल्यामुळे मावशींना काही लागू नये म्हणून ती त्यांच्या दारात उभीही राहायची नाही. पातेलं ठेवायची, बेल द्यायची, ड्राइव्हवेवर जाऊन हात हलवायची.

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी तिच्या डोक्यात भलतंच होतं. कॅसल हिलचे चंद्रहासकाका रविवारी झूमवर मराठी प्रार्थनासभा घेत. त्यांनी या रविवारचं प्रवचन सुचित्राला करायला सांगितलं होतं, पप्पांच्या आठवणीसाठी. विषय पप्पांचाच: येशूने मोशेचं नियमशास्त्र पाळलं की बदललं? तिच्याजवळ पप्पांच्या वहीचे फोटो होते. गुंडाळून ठेवलं, असं पप्पांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पण तोच येशू डोंगरावर बसून म्हणाला होता की मी शास्त्र मोडायला आलेलो नाही, पुरतं करायला आलोय. मग गुंडाळलं कसं? पप्पांनी त्या ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. अडीच वाजता त्याच विचारात तिने मटकीची पिशवी दाराशी ठेवली, बेल वाजवली, उशीर झाला म्हणून कुणी आलं का ते न बघता गाडीत बसली आणि कामावर गेली.

शनिवारी सकाळी नऊला बघते तर पिशवी तिथेच.

सुचित्राला वाटलं, काल घ्यायची राहिली वाटतं. आणि आता तर शब्बाथ, आता त्या कशा उचलणार? बाहेरचं ओझं आत न्यायचं नाही ना. बेल वाजवावी तर विजेची. दार ठोकावं तर त्या उघडणार, पिशवी बघणार आणि उगाच धर्मसंकटात पडणार. फोन तर उचलतच नाहीत. तिने पिशवीवर मुंग्या नाहीत एवढं पाहिलं आणि चवड्यांवर चालत परत आली. वर हेमचंद्रला अभिमानाने सांगितलं की आपण दुसऱ्याच्या धर्माचा मान ठेवायला शिकलो. बाराला पुन्हा डोकावली. घर गपगार. शनिवारी ते तसंच असायचं.

तीनच्या सुमाराला ती धुतलेले कपडे घेऊन ड्राइव्हवेवरून जात होती. ऊन कलून मावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आलं होतं. आत खिडकीतले ते दोन पेले उन्हात लखलखत होते. तेल काठोकाठ. वाती पांढऱ्याशुभ्र.

वाती जळल्याच नव्हत्या. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत वात लावायची चुकवतील तर त्या शेगुलामावशी कसल्या. नवरा गेला त्या आठवड्यातही लावली होती, त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे जे काही झालं होतं ते काल दुपारीच. कपडे तिथेच टाकून ती ओरडत पळाली, आणि हेमचंद्रने लाँड्रीच्या दाराची जाळी फाडून कडी काढली.

मावशी बाथरूमच्या दारात आडव्या होत्या. खुब्याचं हाड गेलेलं. ओढत ओढत पायपुसणं आणि खुर्चीवरचा टॉवेल तेवढा अंगावर घेतलेला. हातपाय बर्फ, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. सुचित्रा त्यांच्याजवळ बसली, खिशातून फोन काढला, आणि आता हिला काय म्हणावं, फोन हातात धरून थांबली.

"मावशी, आज शनिवार आहे," ती रडत म्हणाली. "लावू ना फोन?"

मावशींनी तिच्याकडे असं बघितलं की हाड मोडलेलं नसतं तर एक ठेवूनच दिली असती.

"जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा, हाच कायदा आहे," त्या म्हणाल्या. आवाज पार खोल गेलेला. "न मोडणारा पापी. लाव."

ट्रिपल झीरोला फोन लागला. अँब्युलन्सवाले अंतराळवीरासारखे पोशाख चढवून आले, मावशींना डार्लिंग म्हणाले, इंजेक्शन दिलं आणि घेऊन गेले. सोबत कुणाला जायची परवानगी नव्हती. सुचित्रा ड्राइव्हवेवर उभी राहिली. पिशवी अजून पायरीवर होती. स्पृहाने सगळं पाहिलं होतं. ती अकरा वर्षांची, तिला शास्त्र-बिस्त्र काही नाही. ती फक्त म्हणाली, "मम, यू कुड हॅव जस्ट नॉक्ड."

नॉक. एवढंच करायचं होतं. सकाळी नऊपासून तीनपर्यंत आणखी सहा तास त्या बाई थंडगार फरशीवर पडून होत्या, आणि सुचित्रा त्यांचा धर्म सांभाळत चवड्यांवर चालत होती. येशूने शास्त्रातून मोकळं केलं म्हणून ज्या घरात टाळ्या वाजत, त्या घरातली पोर मोशेहून कडक निघाली. रविवारी झूमवर ती वहीतलं काहीच बोलली नाही. झालं ते सांगितलं आणि माझ्या हातून माणूस जाता जाता राहिलंय, प्रार्थना करा, म्हणाली. चंद्रहासकाकांनी प्रार्थना केली. मग हळूच, विषय सुटू नये म्हणून, विचारलं की बेटा, मग येशूने बदललं की पाळलं? ती काकांना सॉरी म्हणून रडायलाच लागली.

ऑपरेशन झालं. मावशींना न्यूमोनियाही झाला. तीन दिवस असे गेले की सुचित्रा अंघोळीलाही फोन सोबत न्यायची. इस्राएलमधल्या मुलाला तीच रोज खबर द्यायची. चौथ्या दिवशी नर्सने मावशींच्या कानाशी फोन धरला आणि पलीकडून ऐकू आलं, "इथं सगळ्याला चीज घालतात गो. माझी मटकी कुठंय?" तेव्हा कुठे सुचित्राचा जीव भांड्यात पडला. तिने लाँड्रीत जाऊन, दार लावून, देवाचे आभार मानले, मोठ्याने, मराठीत.

पण बोलायचं होतं ते राहिलंच होतं. पुढे रोज फोन झाले, आणि रोज ती सहा तासांचा विषय टाळून जेवणाखाण्याचं विचारायची. शनिवारचं पुढच्या वेळी बोलू, असं तिनेही मनात म्हणून घेतलं असणार.

ऑक्टोबरमध्ये लॉकडाऊन उठला, त्याच आठवड्यात मावशी वॉकर घेऊन घरी आल्या, आणि पहिल्या शुक्रवारीच म्हणाल्या की मलिदा करायचाय. फरशीवर पडल्या पडल्या त्यांनी एलियाहू हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याला नवस बोलला होता. तो फेडायचा, देवाचे आभार मानायचे. सुचित्राने नारळ खवला, पोहे भिजवले, गूळ चिरला. मावशींनी त्यात वेलची घालून सगळं कालवलं, वर फळं रचली आणि हिब्रूत प्रार्थना म्हटली. ती रेवदंड्याच्या चालीत असल्यामुळे आरतीसारखी वाटत होती. मलिद्याची वाटी हातात आली तेव्हा सुचित्राने ती नुसतीच धरून ठेवली.

ती म्हणाली, "मावशी, मी सकाळी नऊला आले होते. दाराशी उभी होते."

"माहीत आहे. पावलं ऐकली तुझी."

"हाक का नाही मारली?"

"मारली की. आवाज निघत नव्हता. बारालाही आलीस."

सुचित्राने वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शब्बाथ होता म्हणून, एवढंच कसंबसं तिच्या तोंडून फुटलं. माफ करा म्हणायचं होतं ते आतच राहिलं. मावशी वॉकर सरकवत उठल्या. हेमचंद्रने धरायला हात पुढे केला तर त्याला दटावून बाजूला सारलं. ड्रॉवर उघडून त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली काढली आणि सुचित्राचे हात तोंडावरून ओढून तिच्या मुठीत दाबली.

"ही घराची. शनिवार असो, सणवार असो, मनात आलं की आत यायचं." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "कुणाला घाबरलीस इतकी? वार माणसासाठी असतो गो. माणूस वारासाठी नसतो."

सुचित्राने झटकन वर बघितलं. तिने विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पप्पा बोलले होते का कधी फोनवर? तुम्ही कुठे वाचलंत?

"वाचायचं काय त्यात?" मावशी म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. घाणा बंद, तरी शेजारच्या अडलेल्या बाळंतिणीला गाडीत घालून अलिबागला नेलं होतं तिने, शनिवारी. आमचं जुनं बोलणं आहे ते."

सुचित्राने किल्लीचा काळा दोरा मनगटाला गुंडाळला. वहीतल्या त्या प्रश्नचिन्हाबद्दल पप्पांना जे विचारायचं होतं ते हेच असणार, असं तिला वाटलं, आणि ते विचारायचं राहिलं याचं पहिल्यांदाच फार वाईट वाटलं नाही. मग तिने वाटी उचलून मलिदा खाल्ला. दुसऱ्याच्या देवासमोरचं खायचं नाही असं तिला लहानपणापासून शिकवलेलं, पण हा देव दुसऱ्याचा होता कुठे.

सूर्य बुडायला आला. मावशींना खिडकीपाशी दोन्ही हात मोकळे ठेवून उभं राहता येईना. वात लावायची ती त्यांनीच लावायची, सुचित्राने लावून चालणार नव्हतं. म्हणून ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि कमरेला घट्ट विळखा घालून तिने त्यांना तोलून धरलं. मावशींनी एक वात लावली, मग दुसरी, आणि डोळ्यांवर हात ठेवून पुटपुटल्या. सुचित्रानेही डोळे मिटले. पेटल्या, एवढंच ती येशूला म्हणाली, थँक यू, पेटल्या.